किबिवोतचं वय

चेप्टेरित, नांदी जिल्हा, केनिया
१० फेब्रुवारी १९८०

बाळ किबिवोत,

ख्रिसमसपासून तुझं पत्र नाही. मी दर बाजाराच्या दिवशी कापसाबेतच्या पोस्टात जातो आणि तिथला कारकून मला लांबून बघूनच मान हलवतो. परवा म्हणाला, "म्हातारबा, मुलगा अमेरिकेच्या कॉलेजात पळतो म्हणता, मग पत्र का रांगत येतंय?" रांगेतले सगळे हसले. मीही हसलो, पण घरी येईपर्यंत छाती धडधडत होती. छातीचं तुला मागेच लिहिलं आहे. दवाखान्यात गोळ्या देतात. गोळ्या पांढऱ्या आहेत, मागच्या वेळी पिवळ्या होत्या, म्हणून मी घेत नाही.

टोरोरेइचा मुलगा तिकडून सुट्टीवर आला आहे. तो म्हणतो, तू लंगडतोस. खरं आहे का? लंगडतोस तर किती लंगडतोस? बघणाऱ्याच्या लक्षात येईल इतकं की थोडं? मला झोप नाही. पळण्यासाठी नेलेल्या माणसाने लंगडलं तर ते लोक त्याला जेवायला कशाला घालतील?

दुसरं म्हणजे किमैयो. जिल्ह्याच्या शर्यतीत तुझ्या धाकट्या भावाने सैन्यातल्या त्या लांबटांग्याला मागे टाकलं. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. तुझ्या कोचला सांग, की घरी आणखी एक आहे. तुझ्या खाटेशेजारी त्याची खाट लागली की मी सुटलो. तुझी आई म्हणते, "दोघंही गेले तर गाईंमागे कोण जाणार, तू? तुला तर शेळीही ढकलून जाते." तिच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस.

लवकर लिही. लंगडण्याबद्दल आधी लिही.

तुझा बाप,
सीटिएनेइ


मिल्बर्ग
६ एप्रिल १९८०

बाबा,

टाचेची शीर दुखावली आहे. एका दुपारी कोचने मला तीन शर्यतींत उतरवलं. तिन्ही जिंकलो, तिसरीच्या शेवटच्या फेरीत टाचेत काहीतरी तुटल्यासारखं झालं. आता सकाळी पहिली पावलं कठीण जातात, मग चालता येतं. काळजी करू नका. गोळ्या घ्या, रंग कुठलाही असो.

किमैयोला आत्ता पाठवू नका. माझं शेवटचं वर्ष राहिलं आहे. पुढच्या मे महिन्यात पदवी हातात आली की मला नोकरी मिळेल, मग मी त्याला माझ्या जोरावर इकडे आणीन, शिकायला. पळायला नाही.

कोचने तुम्हाला पत्र पाठवलं तर उत्तर देऊ नका. आधी ते पत्र मला पाठवा. का, ते इथून लिहिता येत नाही. आमची पत्रं खेळाच्या कचेरीतून जातात. माझं एवढं ऐका.

आईला सांगा, तिच्या भोपळ्यात आंबवलेल्या मुर्सिकची चव विसरलो नाही. इथलं दूध पाण्यासारखं आहे.

किबिवोत


चेप्टेरित
२५ मे १९८०

किबिवोत,

तुझं पत्र मास्तर बर्नगेटुनींनी वाचलं, मग मी वाचलं, मग पुन्हा त्यांनी वाचलं. मी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस आहे, पण पोटातलं ओळखायला शाळा लागत नाही. तुला भाऊ नको आहे. तू तिथे आपल्या नांदी लोकांतला एकटा म्हणून मान घेतोस, दुसरा आला की तुझा मान अर्धा. तुझी आई म्हणाली, "मुलगा काहीतरी सांगतोय, नीट ऐक." मी म्हटलं, "ऐकलं. 'माझ्या ताटात हात घालू नका,' असं सांगतोय."

तू लिहिलंस कोचला उत्तर देऊ नका, आणि तुझ्या पत्राआधीच त्याचं पत्र येऊन पडलं होतं. काय सुंदर पत्र. त्याने माझ्या छातीची चौकशी केली आहे. तू कधी केलीस? गाई किती दूध देतात ते विचारलं. मग लिहिलं आहे, "किमैयोबद्दल ऐकून आनंद झाला. पण मी कोवळ्या पोराला आईपासून तोडून आणणार नाही. तुमच्यात मुलगा पुरुष होतो तो विधी असतो असं कळलं. किमैयोचा झाला आहे का? किबिवोतचा केव्हा झाला होता? मला तुमच्या रीतींबद्दल फार आदर आहे, सविस्तर लिहावं."

किबिवोत, इतक्या लांबच्या गोऱ्या माणसाला आपली सुंता ठाऊक आहे आणि तो आदराने विचारतो आहे. त्याला मी उत्तर देऊ नको? मग तो म्हणेल, या घरात पुरुषच नाहीत.

बाप


चेप्टेरित
२८ मे १९८०

माननीय कोच हॉलोरन साहेब यांस,

मी सांगतो आणि मास्तर इंग्रजीत लिहितात, सही माझी आहे.

आपण विचारलंत ते योग्य केलंत. आमच्यात पोराला पुरुषाच्या कामाला कुणी पाठवत नाही. किमैयोची सुंता चार वर्षांपूर्वी डिसेंबरात झाली. तो मेंजोत, म्हणजे रानातल्या मुलांच्या झोपडीत, जखम भरेपर्यंत राहिला आणि पुरुष होऊन बाहेर आला. रडला नाही.

किबिवोतबद्दल तर कसली शंकाच घेऊ नये. ज्या महिन्यात इंग्रजांचा झेंडा उतरला आणि आमचा चढला, त्याच महिन्यात त्याची सुंता झाली. त्या वर्षीच्या मुलांना अजून लोक झेंड्याची मुलं म्हणतात. आदल्या खेपेला गाई आजारी होत्या म्हणून मी त्याला थांबवलं होतं, त्यामुळे त्या झोपडीतला सगळ्यात थोराड तोच होता. ओठावर मिशी आली होती. सुरी लागते तेव्हा मामा समोर उभे राहून तोंड बघतात. त्याची पापणी हलली नाही. दोन मुलांची हलली, त्यांची नावं मी सांगत नाही.

असे माझे दोन मुलगे आहेत. दोघंही पुरे पुरुष. आपण निश्चिंत मनाने किमैयोला न्यावं.

माझी छाती बरी आहे.

आपला,
सीटिएनेइ


द्वारा जोनाह बिरगेन, मिल्बर्ग
१९ ऑक्टोबर १९८०

बाबा,

हा पत्ता नवा आहे. मी कॉलेजात राहत नाही. जोनाह बिरगेन इथे टर्की मारायच्या कारखान्यात काम करतो, त्याच्या खोलीत जमिनीवर झोपतो आणि त्याच्याबरोबर कामाला जातो. टर्की म्हणजे मोठी कोंबडी. दिवसभर त्यांच्या माना येत राहतात. इथली पत्रं कुणी उघडत नाही, म्हणून आता सगळं लिहितो.

सप्टेंबरात मला एका खोलीत बोलावलं. लांब टेबल, पाच जण, त्यांत कोच. टेबलावर तुमचं पत्र होतं. एका बाईने विचारलं, "ही सही वडिलांची आहे?" मी म्हटलं, हो. "झेंडा कोणत्या साली चढला, मिस्टर सीटिएनेइ?" काय सांगणार? सगळ्या जगाला ठाऊक आहे. मी म्हटलं, त्रेसष्ट. मग तिने माझा अर्ज काढला. त्यावर जन्म छप्पन्नचा. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही सात वर्षांचे होतात, आणि तुम्हाला मिशी होती?" एकाला हसू आलं.

बाबा, ते साल कोचनेच लिहिलं होतं. तो पहिल्यांदा एल्डोरेटला आला तेव्हा त्याने पेन्सिलीने भरून दिलं, मी वरून शाईने गिरवलं. आता इथे नियम आला आहे की वयाने मोठे परदेशी चालणार नाहीत. कोच त्या लोकांना म्हणाला, "मला धक्का बसला आहे. मी या मुलावर मुलासारखं प्रेम केलं."

बाहेर बोळात त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "मनाला लावून घेऊ नकोस. टाच बरी असती तर ते पत्र टपालातच हरवलं असतं."

माझी पदकं काढून घेतली. शिष्यवृत्ती गेली. खोटं वय लिहिलं म्हणून वर्गातही बसू देत नाहीत. वडिलांकडून शपथेचा कागद मागवतो असं मी त्या पाच जणांना सांगितलं, म्हणून डिसेंबरात पुन्हा एकदा ऐकून घेणार आहेत. जिल्हा कचेरीत जाऊन शपथेवर लिहून द्या, की झेंड्याच्या महिन्यात सुंता झाली ती माझ्या चुलतभावाची, नाव चुकलं, मी नंतरचा. एवढा एक कागद. मला पळायचं नाही. नुसतं वर्गात बसू दिलं तर मे महिन्यात पदवी मिळेल. नाहीतर व्हिसाही जाईल, आणि मी हातात काही न घेता घरी येऊ शकत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

तुम्ही मुद्दाम केलं नाहीत, हे मी स्वतःला रोज सांगतो. कागद पाठवा.

किबिवोत


चेप्टेरित
३० नोव्हेंबर १९८०

किबिवोत,

तुझं पत्र आल्यापासून मला जेवण गेलेलं नाही. मी गेलो होतो कचेरीत. दोन बाजारांच्या दिवशी गेलो. पहिल्यांदा साहेब जागेवर नव्हते. दुसऱ्यांदा रांगेत होतो, तेवढ्यात मागून लेलेइ आला. तुझा लेलेइ, मेंजोत तुझ्या शेजारी झोपलेला, आता लॉरी चालवतो. म्हणाला, "काका, कसली शपथ घेताय?" मी सांगून टाकलं, माझ्या पोटात काही राहत नाही. तो रांगेतल्या लोकांपुढे म्हणाला, "किबिवोत आमच्यात नव्हता? मग रात्रभर माझ्या बाजूला कण्हत पडला होता तो कोण, तरस?" मी म्हटलं, अरे, नुसता कागद आहे. तो म्हणाला, "एका सुरीखाली बसलेला माणूस कागदाने बाहेर निघत नाही. तुम्ही काढलात तर आम्ही तो मेला असं धरू. आमच्यापैकी कुणाच्या घरी दारू गाळली तर त्याच्यासाठी जागा ठेवणार नाही." मग तो माझ्यासाठी चहा घेऊन आला. चांगला मुलगा आहे.

तरी मी शपथ घेतली असती. देवाने मला त्याबद्दल बोल लावू नये. पण त्याच दिवशी कोचचं पत्र मिळालं. किमैयोचं विमानाचं तिकीट आत होतं. खाली लिहिलं होतं, की माझ्या कानावर आलं आहे, तुम्ही आधीचं पत्र खोटं होतं असं लिहून देणार आहात. तसं असेल तर तुमच्या घरातल्या कुठल्याच कागदावर मला विश्वास ठेवता येणार नाही, तिकीट परत पाठवावं.

मी तिकीट हातात घेऊन पोस्टाबाहेरच्या दगडावर बसलो. ऊन चढलं तरी बसलो होतो.

तू शहाणा आहेस, विचार कर. तुझी टाच गेली. कॉलेजने वर्गात बसवलं तरी तू काय होणार, लंगडा कारकून. किमैयोचे पाय शाबूत आहेत. पुराच्या साली तुला आठवतं का, तांबडी आणि पांढरी दोघी ओढ्यात होत्या. मी पांढरीचा दोर ओढला आणि तांबडीचा सोडला. तांबडीचा पाय आधीच मोडलेला होता. तू रडलास, मी तुला चापट मारली. नंतर तुम्ही सगळे पांढरीचंच दूध प्यायलात.

म्हणून मी शपथ घेतली नाही.

आणखी एक. कोचने लिहिलं आहे, की तो तुझ्याकडे एक कागद घेऊन येईल. त्यावर लिहिलेलं असेल, की वय तू स्वतःच खोटं लिहिलंस, कोचला काही ठाऊक नव्हतं. त्यावर सही कर. तुझं जे व्हायचं ते झालंच आहे. सही केलीस तर किमैयोचं पक्कं होतं. किमैयोचं साल त्यानेच थोडं अलीकडचं लिहिलं आहे, मास्तर म्हणाले तिकडे तशी पद्धत आहे.

आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही. तुझी परीक्षा आहे असं सांगतो. ती म्हणते, "कसली परीक्षा ही, संपतच नाही."

अंगावर लोकरीचं घालत जा.

बाप


मिल्बर्ग
१५ फेब्रुवारी १९८१

बाबा,

डिसेंबरात तेच टेबल, तेच पाच जण. "वडिलांकडून काही आलं?" मी म्हटलं, नाही. मला पाणी विचारलं आणि सोडून दिलं. कोचच्या कागदावर मी त्याआधीच सही केली होती. किमैयोसाठी केली, तुमच्यासाठी नाही.

किमैयो आला त्या दिवशी मी विमानतळावर गेलो. तिकडे जायला मला कुणी सांगितलं नव्हतं. तो पातळ कोट घालून बाहेर आला. मला पाहून हसला, मग कोचकडे बघितलं आणि हसणं थांबवलं. माझ्याजवळून जाताना आपल्या भाषेत हळूच म्हणाला, "दादा, तुझ्याशी बोललो तर परत पाठवतील म्हणाले." मी म्हटलं, "बोलू नकोस." तो गाडीत बसला. त्याच्या हातात आईने दिलेली पिशवी होती. त्यात माझ्यासाठी काही असेल तर ते त्याच्याकडेच राहिलं.

माझीच खोली, माझीच खाट, माझाच बनियन, पाठीवरचा आकडाही तोच. काल शनिवारी त्याला तीन शर्यतींत उतरवलं. मी कुंपणाबाहेर उभा राहून बघितलं. तिन्ही जिंकला. कोचने त्याला उचलून घेतलं. मलाही असंच उचललं होतं, पहिल्या वर्षी.

आता माझं शेवटचं मागणं. कोच तुम्हाला पुन्हा गोड पत्रं लिहील. छातीची चौकशी करेल. तो ज्याला आणतो त्याचं काहीतरी आधीच जमवून ठेवतो, त्याची टाच जाईल त्या दिवसासाठी. किमैयोबद्दल त्याला एक अक्षर कळवू नका. पाऊस पडला का विचारलं तरी सांगू नका.

माझा व्हिसा संपला. जोनाहलाही त्रास नको म्हणून मी दुसऱ्या गावी जातो आहे. कुठे ते लिहीत नाही. लेलेइला सांगा, मी त्याच्या बाजूलाच कण्हत होतो.

किबिवोत


चेप्टेरित
३१ मे १९८१

बाळ किबिवोत,

मागच्या तीन पत्रांना उत्तर नाही, तरी जोनाह बिरगेनच्या पत्त्यावर लिहितो, तो तुला पोचवेल. नाही पोचवलं तर त्याला पाप. तू कुठे आहेस, जेवतोस काय, टाच कशी आहे, लिही. नुसतं 'बरा आहे' एवढं लिहिलंस तरी चालेल. पोस्टातला कारकून आता थट्टा करत नाही, मला पाहिलं की दुसरीकडे बघतो, ते थट्टेपेक्षा वाईट आहे.

मे संपला. तुझी आई विचारते, पदवीचा फोटो केव्हा येणार. मी म्हटलं, तिकडे फोटो फार महाग असतात. ती म्हणाली, "किमैयोचा बरा आला," आणि उठून गेली. किमैयोचा खरंच आला आहे. गळ्यात पदक आहे. कोच शेजारी हसतो आहे.

तू माझ्यावर रागावला आहेस. पण तुझं शेवटचं मागणं मी पाळलं, हे तुला कळावं म्हणून लिहितो आहे. मार्चमध्ये कोचचं पत्र आलं. त्यात किमैयोच्या वयाबद्दल विचारलं असतं, तर मी ते चुलीत टाकणार होतो. पण वयाचा शब्दही नव्हता. एवढंच विचारलं होतं, की इतका चांगला पळणारा मुलगा, त्याचा गावाने कधी सत्कार केला असेल, त्याबद्दल लिहा, मला आनंद होईल.

आता यात लपवण्यासारखं काय आहे? मी कापणीनंतरच्या शर्यतीचं लिहिलं. चीफने कालवड लावली होती, किमैयोने ती जिंकली, आणि आम्ही ती गळ्यात वेली बांधून घरी आणली, बायका गात पुढे चालत होत्या. मास्तरांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. म्हणाले, "सीटिएनेइ, हे नको. पळून काही मिळवलेल्या माणसाला तिथल्या कॉलेजात पळू देत नाहीत, मी रेडिओवर ऐकलं आहे." मी म्हटलं, "मास्तर, ते पैशांबद्दल असेल. कालवड म्हणजे काय पैसे आहेत? ती तर मान आहे." ते म्हणाले, "किबिवोतने तुम्हाला काही लिहू नका म्हटलंय." मी म्हटलं, "वयाचं लिहू नका म्हटलंय. मी वयाचं काही लिहिलेलं नाही." मास्तरांनी पुढचं लिहायला नकार दिला. शेवटचं अर्धं पान मी माझ्या हाताने लिहिलं, येईल तशा इंग्रजीत.

कोचने लगेच उत्तर दिलं. किमैयोची प्रकृती उत्तम आहे, अजून खूप वर्षं पळेल, तुमचं पत्र कुलपाच्या कपाटात जपून ठेवलं आहे, असं लिहिलं आहे. वर लिहिलं आहे, "अशी पत्रं पाठवत राहा."

ती कालवड आता गाभण आहे. तुझ्या पत्राची वाट बघतो.

तुझा बाप,
सीटिएनेइ